पीएच.डी.नंतरचा दुसरा मार्ग : विद्यापीठाबाहेरील धोरण-संशोधनाचा आढावा

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०१४-१५ साली देशात पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या सुमारे १ लाख १७ हजार होती. २०२१-२२ साली ती २ लाख १२ हजारांपर्यंत गेली. अवघ्या सात वर्षांत संशोधक विद्यार्थ्यांचा समुदाय इतक्या वेगाने वाढला असताना, ज्या एका हुद्द्याकडे डोळे लावून त्यांच्यातील बहुतेकजण प्रबंधाचे कष्ट सोसतात, त्या प्राध्यापकपदाच्या जागा मात्र त्या मानाने वाढल्या नाहीत. आपल्या राज्यात तर मंजूर असलेल्या जागाही वर्षानुवर्षे रिक्त राहिल्या, आणि पीएच.डी., नेट, सेट अशा सर्व अर्हता पदरी असलेली माणसे तासिका तत्त्वावर, दर वर्षी नव्याने अर्ज करून, मिळेल त्या मानधनावर शिकवीत राहिली. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे, ज्या घरांत पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते अशा घरांतील मुलामुलींनी संशोधनक्षेत्रात पाऊल टाकले, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील लहान घटना नव्हे. परंतु पदवी हाती आल्यावर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांना घरात, गावात आणि विद्यापीठातही धड मिळत नाही. पीएच.डी.चा उपयोग काय, असा सवाल डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनातही निघाला आणि त्यावरून बराच क्षोभ झाला. पण क्षोभ शमल्यावरही प्रश्न जागच्या जागी राहिला.

त्या प्रश्नाच्या एका उत्तराचा आढावा घ्यावा, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. राज्यसंस्था जे निर्णय घेते, जे कायदे करते, ज्या योजनांवर रयतेचा पैसा खर्च करते, त्यांच्या मुळाशी असलेली वस्तुस्थिती शोधणे, निरनिराळ्या पर्यायांचे लाभ-हानी तोलणे आणि झालेल्या अंमलबजावणीचे फळ मोजणे, या कामाला आपण धोरण-संशोधन म्हणतो. हे काम विद्यापीठांत चालते, तसेच विद्यापीठांच्या बाहेरही, सरकारी खात्यांत, मध्यवर्ती बँकेत, नियामक आयोगांपुढे, स्वतंत्र संस्थांत आणि स्वयंसेवी चळवळींत चालते. आणि ज्याने चार-पाच वर्षे एका प्रश्नाचा पिच्छा पुरवून पुराव्याची किंमत ओळखण्याची सवय अंगी बाणवली आहे, त्याच्या अंगच्या गुणांना तेथे खरा वाव आहे. प्राध्यापकी मिळाली नाही म्हणून नाइलाजाने धरावयाची वाट, अशा दृष्टीने तिच्याकडे पाहणे हा तिच्यावरही अन्याय आहे आणि तिच्यावरून चालून गेलेल्या थोर माणसांवरही.

पूर्वपरंपरा

या मार्गाला महाराष्ट्रात परंपरा नाही, असे कोणी म्हणेल तर ते इतिहासाला धरून होणार नाही. रुपयाच्या प्रश्नावरील ज्या प्रबंधाबद्दल लंडन विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२३ साली डी.एस्सी. ही पदवी दिली, तो त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थकारणावरील त्यांचा कोलंबिया विद्यापीठासाठीचा प्रबंध १९२५ साली प्रकाशित झाला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, मुंबईत वकिली करीत असताना, हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालील चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. प्रबंधाच्या पानांत ज्या प्रश्नाचा काथ्याकूट केला, त्याच प्रश्नावर सरकारने नेमलेल्या मंडळापुढे उभे राहून, उलटतपासणीला उत्तरे देत आपले मत मांडणे, याहून धोरण-संशोधनाचे निखळ उदाहरण शोधावे लागू नये.

पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून आणि भारत सेवक समाजाच्या आश्रयाने उभी राहिली, आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची आणि पुणे शहराची जी पाहणी केली, तिच्यामुळे घरोघर फिरून आकडे गोळा करणे हे विद्वानाचेच काम आहे, ही गोष्ट आपल्याकडे प्रथम ठसली. तेच गाडगीळ पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने उभे राहिले, १९६७ साली नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, आणि केंद्राने राज्यांना द्यावयाच्या साहाय्याच्या वाटपाचे जे सूत्र १९६९ साली स्वीकारले गेले, त्याला त्यांचेच नाव मिळाले. त्याच संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. १९६०-६१ साली ग्रामीण जनतेपैकी ४० टक्के आणि नागरी जनतेपैकी ५० टक्के लोकांना पुरेसे अन्नही मिळत नव्हते, हा त्यातील निष्कर्ष आणि सार्वजनिक कामांतून रोजगार पुरविण्याची त्यातील शिफारस देशभर चर्चिली गेली. इकडे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ज्या रोजगार हमीचा ध्यास घेतला होता, ती १९७२ च्या दुष्काळात राज्यभर अवतरली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. अभ्यासकाचे माप आणि लोकप्रतिनिधीची तळमळ एकाच दशकात एकाच दिशेने निघाली, म्हणून २००५ च्या केंद्रीय कायद्याची पूर्वपीठिका महाराष्ट्रात तयार झाली.

पुढे १९८४ साली प्रा. दांडेकरांच्याच अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने राज्याच्या निरनिराळ्या विभागांतील विकासाचा अनुशेष जिल्हावार मोजून तो सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा असल्याचे सांगितले, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या तक्रारीला प्रथमच आकड्यांचे अधिष्ठान लाभले. त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी त्याच प्रश्नावर नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद डॉ. विजय केळकरांकडे आले. केळकर मूळचे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर. बर्कली येथे अर्थशास्त्रात पीएच.डी. करून त्यांनी आपले बहुतेक आयुष्य सरकारच्या सेवेत, केंद्रीय वित्त सचिव, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतील कार्यकारी संचालक, तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष, अशा जबाबदाऱ्या वाहत घालविले. या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे : प्रश्न समाजाने किंवा शासनाने विचारला, आणि तो सोडविण्याची शिस्त अभ्यासकाने आपल्या विद्येतून आणली.

आज कोणते दरवाजे उघडे आहेत

सरकारी आणि अर्धसरकारी क्षेत्रात सर्वांत भक्कम व्यवस्था भारतीय रिझर्व्ह बँकेची आहे. मुंबईत मुख्य कार्यालय असलेल्या या बँकेचे आर्थिक व धोरण संशोधन खाते आणि सांख्यिकी व माहिती व्यवस्थापन खाते हे आपले अधिकारी स्वतंत्र परीक्षेने निवडतात, आणि पीएच.डी. झालेल्या उमेदवाराला तेथे कमाल वयाची मर्यादा ३४ वर्षांपर्यंत शिथिल केलेली असते. इंडियाना विद्यापीठाचे पीएच.डी. असलेले डॉ. नरेंद्र जाधव तीन दशके याच बँकेत राहून तिचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले, आणि मगच पुणे विद्यापीठाचे कुलगुरू व नियोजन आयोगाचे सदस्य झाले. म्हणजे बँकेतील संशोधनाची वाट विद्यापीठाकडे परत जाण्याचा मार्ग बंद करीत नाही, हेही त्यावरून दिसते. मुंबईतच मुख्यालय असलेल्या नाबार्डचे आर्थिक संशोधन खाते ग्रामीण पतपुरवठ्याचा अभ्यास करते. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळ, म्हणजे सेबी, हीदेखील संशोधन शाखेसाठी वेगळी भरती करते.

याउलट भारतीय अर्थसेवा आणि भारतीय सांख्यिकी सेवा, ज्या १९६१ साली याच प्रकारच्या कामासाठी स्थापन झाल्या, त्यांच्या परीक्षेला सर्वसाधारण उमेदवारासाठी ३० वर्षांची मर्यादा आहे, आणि पदव्युत्तर पदवी पुरेशी मानली जाते. आपल्याकडे प्रबंध पुरा होता होता बहुतेकांची तिशी उलटते. म्हणून ज्याला या सेवेत जावयाचे आहे, त्याने तो निश्चय नोंदणीच्या वेळीच करावा, मौखिक परीक्षेनंतर करू नये. नीती आयोग, जो १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन आयोगाच्या जागी आला, तो आणि त्याचे विकास मूल्यमापन कार्यालय ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर अभ्यासक घेतात. राज्याच्या पातळीवर २०२२ साली स्थापन झालेली ‘मित्रा’ ही संस्था त्याच धर्तीची आहे. मुख्यमंत्री फेलोशिपचा गाजावाजा पुष्कळ होतो, पण ती पंचविशीच्या आसपासच्या पदवीधरांसाठी आहे, पीएच.डी. झालेल्या माणसाने तिच्याकडे आपली म्हणून पाहू नये. अर्थ व सांख्यिकी संचालनालय दर वर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ प्रसिद्ध करते. सिंचनापासून शाळांपर्यंत राज्याचा ताळेबंद मांडणारा याच्याइतका व्यापक दस्तऐवज मराठीत दुसरा नाही, आणि संशोधकाने तो दर वर्षी मुळापासून वाचावा.

स्वतंत्र संस्थांचा विस्तार बराच मोठा आहे. दिल्लीत १९५६ ची राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद, १९७३ चे सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च, १९७६ ची राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्था, ऊर्जा आणि हवामानाच्या प्रश्नांवर काम करणारी कौन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्न्मेंट अँड वॉटर. बंगळुरूत सीस्टेप व एट्री या संशोधन संस्था. असा हा परिवार आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर पुण्याच्या ‘प्रयास’मध्ये वीज, आरोग्य आणि पाणी या विषयांवर, ‘सोपेकॉम’मध्ये सिंचनाच्या समन्यायी वाटपावर, मुंबईच्या ‘सेहत’मध्ये आरोग्यसेवा आणि स्त्रियांवरील हिंसा यांवर, आणि गडचिरोलीच्या ‘सर्च’मध्ये ग्रामीण व आदिवासी आरोग्यावर दीर्घकाळ गंभीर संशोधन झाले आहे. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था शिक्षणसंस्था असली, तरी १९९२-९३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा कारभार तिच्याकडे असल्याने तेथे निव्वळ संशोधनाच्या नेमणुकाही होतात.

विधिमंडळांशी जोडलेले संशोधन हे तिसरे क्षेत्र. अमेरिकेच्या काँग्रेसला १९१४ पासून स्वतःची संशोधन सेवा आहे. तेथील विज्ञानप्रसारक संघटना १९७३ पासून पीएच.डी. झालेल्या वैज्ञानिकांना वर्षभर काँग्रेसच्या व पुढे सरकारी खात्यांच्या कचेऱ्यांत पाठविते. ब्रिटनच्या संसदेत १९८९ पासून विज्ञान व तंत्रज्ञानाचे कार्यालय असून डॉक्टरेटचे विद्यार्थी तेथे काही महिने राहून खासदारांसाठी टिपणे लिहितात. आपल्याकडे २००५ साली सुरू झालेली पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था विधेयकांचे निःपक्षपाती विवेचन खासदारांपुढे ठेवते. मुंबईच्या विधान भवनात पागे यांच्याच नावाचे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे, उत्तम ग्रंथालय आहे. मात्र प्रत्येक विधेयकावर आमदाराच्या हाती चार पानांचे विश्वसनीय टिपण देणारी, संशोधकांनी चालविलेली यंत्रणा अद्याप उभी राहिलेली नाही. सल्लागार कंपन्या, बँकांची संशोधन खाती, २०१३ च्या कंपनी कायद्याने दोन टक्के नफा समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक झाल्यावर पुढे आलेली उद्योगांची प्रतिष्ठाने आणि जागतिक बँकेसारख्या आंतरराष्ट्रीय संस्था, यांचा उल्लेख करून पुढे जाणे पुरेसे आहे. तेथे पगार चांगला असतो, पण प्रश्न निवडण्याचे स्वातंत्र्य बहुधा दुसऱ्याच्या हाती असते.

कामाचे स्वरूप जवळून

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते दोन उदाहरणांवरून पाहू. पहिले विजेचे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ साली स्थापन झाला, आणि वीज कंपनीला दर वाढवावयाचे असतील तर आयोगाकडे अर्ज करून, तो प्रसिद्ध करून, जाहीर सुनावणीत ग्राहकांच्या हरकतींना उत्तरे देणे भाग पडले. अर्जासोबतचे तक्ते शेकडो पानांचे असतात. त्यांतील एक साधे दिसणारे कलम शेतीपंपांच्या वापराचे आहे. ज्या पंपांना मीटर नाहीत, त्यांचा वापर मोजता येत नाही, म्हणून तो अंदाजाने धरतात : पंपांची संख्या, सरासरी अश्वशक्ती आणि वर्षातील वापराचे तास, यांचा गुणाकार. एकूण विजेतून मीटरवर विकलेली वीज आणि हा अंदाज वजा केला की उरते ती गळती. म्हणजे पंप चालण्याचे तास कागदावर वाढविले की गळती कागदावर घटते; शेतकऱ्याच्या नावावर न वापरलेली वीज चढते, आणि चोरी व गैरव्यवस्था त्याच्या आड लपते. ‘प्रयास’च्या आणि इतर ग्राहक प्रतिनिधींच्या अभ्यासकांनी फीडरची नोंद, पावसाचे दिवस, पिकांची पाण्याची गरज आणि भारनियमनाचे वेळापत्रक यांच्या आधारे हा अंदाज वारंवार तपासून आयोगापुढे मांडला, आणि शेतीच्या नावाखाली दडलेली गळती हा महाराष्ट्रातील वीजकारणाचा एक मध्यवर्ती प्रश्न बनला. त्याआधी १९९० च्या दशकात एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाच्या वीजखरेदी कराराचे जे आर्थिक विश्लेषण ‘प्रयास’ने केले, त्यातील बोजाचा इशारा २००१ साली राज्य वीज मंडळाला ती वीज घेणे थांबवावे लागले तेव्हा सर्वांना पटला. या कामाला मोठी प्रयोगशाळा लागली नाही. लागली ती दस्तऐवज ओळीओळीने वाचण्याची चिकाटी, आणि कोणता एक आकडा हलविला की सारा हिशेब हलतो, हे ओळखणारी नजर. ही नजर प्रबंध लिहितानाच घडते.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकरवी नवजात बालकांची घरीच शुश्रूषा करण्याचा प्रयोग केला, आणि शेजारची ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. घरी जन्मलेल्या बाळाला डॉक्टराशिवाय वाचविता येईल, या म्हणण्याला त्या वेळी सहज कोणी मान्यता दिली नसती. तुलनेची ४७ गावे आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची काटेकोर नोंद, यांनी ती मिळवून दिली. पुढे २०११ साली केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू केला. प्रयोगाचा आरंभ आणि राष्ट्रीय कार्यक्रम यांत दीड दशकाहून अधिक काळ गेला, ही गोष्ट तरुण संशोधकाने विसरू नये : धोरण-संशोधनात फळ मिळते, पण त्याची मुदत संशोधकाच्या हाती नसते.

प्रबंध आणि टिपण यांतील अंतर

विद्यापीठातून या क्षेत्रात येणाऱ्याला जो पहिला धक्का बसतो, तो लेखनाचा. प्रबंधात परीक्षकाचे समाधान करावयाचे असते. म्हणून पूर्वसूरींचा आढावा, सैद्धांतिक चौकट, पद्धतीचे समर्थन आणि मर्यादांची कबुली, इतके सारे झाल्यावर निष्कर्षाची पाळी येते. मंत्रालयात नस्ती कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावरून अवर सचिव, उपसचिव आणि सचिव अशी वर चढते, आणि प्रत्येक टेबलावर तिला मिळणारा वेळ थोडा असतो. मराठवाड्यातील ठिबक सिंचनावर तीनशे पानांचा प्रबंध लिहिलेल्या माणसाने तेथे टिपण द्यावयाचे, तर पहिल्याच परिच्छेदात सांगावे लागते की अनुदान मिळूनही अमुक प्रकारचा शेतकरी संच का बसवीत नाही. दुसऱ्यात, योजनेतील कोणती अट त्याला आड येते. तिसऱ्यात, ती अट बदलण्याचे दोन-तीन पर्याय, प्रत्येकाचा अंदाजे खर्च आणि तो कोणत्या लेखाशीर्षाखाली पडेल. आणि शेवटी, कोणत्या गोष्टीविषयी आपली खात्री आहे आणि कोणत्या गोष्टीविषयी नाही. पद्धतीची चर्चा परिशिष्टात जाते. असे चार पानांचे टिपण लिहिणे तीनशे पानांच्या प्रबंधाहून सोपे आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा लिहून पाहावे.

दुसरे अंतर भाषेचे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. शासन निर्णय मराठीत निघतात, ग्रामसभेचे ठराव मराठीत होतात, जिल्हा परिषदेतील चर्चा मराठीत चालते. परंतु धोरण-संशोधनाचे अहवाल जवळजवळ सर्व इंग्रजीत लिहिले जातात. त्यामुळे ज्याचे इंग्रजी कच्चे, त्याला दिल्लीच्या संस्थांत वाव मिळत नाही, आणि ज्याचे मराठी कच्चे, त्याला तालुक्यातील दप्तर वाचता येत नाही. दोन्ही भाषांत सारख्याच सफाईने लिहिणारा, तलाठ्याकडील सात-बारा आणि आंतरराष्ट्रीय नियतकालिकातील निबंध दोन्ही समजून वाचणारा अभ्यासक या राज्यात दुर्मिळ आहे. आणि ग्रामीण महाराष्ट्रातून आलेल्या नव्या पिढीच्या संशोधकांना हे स्थान घेण्याची संधी इतर कोणाहूनही अधिक आहे.

अडचणी आणि धोके

या मार्गावरील संकटे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिले संकट अस्थैर्याचे. स्वतंत्र संस्थांतील बहुतेक नेमणुका प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. अनुदान संपले की नेमणूक संपते. विदेशी अंशदानाच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने मिळालेला निधी दुसरीला देण्यास बंदी केली. त्याचा फटका लहान संशोधन संस्थांना विशेष बसला. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चसारख्या अर्धशतकी परंपरेच्या संस्थेचा विदेशी निधीचा परवाना २०२३ साली स्थगित आणि २०२४ च्या जानेवारीत रद्द झाला, आणि तेथील कितीतरी अभ्यासकांना संस्था सोडावी लागली. यातील कायदेशीर बाजू कोणाची खरी, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. पण एकाच प्रकारच्या निधीवर उभी असलेली संस्था किती लवकर डळमळते, हे त्यावरून दिसून आले. दुसरे संकट स्वातंत्र्याचे : ज्याने पैसा दिला त्याला न रुचणारा निष्कर्ष निघाला, तर तो प्रसिद्ध होईल की दप्तरात पडून राहील, हे नेमणूक स्वीकारण्यापूर्वीच विचारून, शक्य तर लिहून घ्यावे.

तिसरी अडचण आपल्या शासनव्यवस्थेची आहे, आणि ती सर्वांत महत्त्वाची. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांमधील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी स्वतंत्र आयोग आणि काटेकोर समकालीन पाहणी यांची अट घातली, आणि ‘इंपेरिकल डेटा’ हे शब्द चावडीवरच्या चर्चेतही ऐकू येऊ लागले. जी आकडेवारी वर्षानुवर्षे शांतपणे गोळा व्हावयास हवी होती, तिच्यासाठी निवडणुका खोळंबल्या. २०२२ साली त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाने काही महिन्यांत अहवाल दिला, आणि मतदारयाद्यांतील आडनावांवरून जात ठरविली जात असल्याचा आक्षेप त्या कामावर घेतला गेला. २० जुलै २०२२ रोजी न्यायालयाने त्या अहवालाच्या आधारे निवडणुका घेण्यास मुभा दिली हे खरे. पण संशोधनाची कायम यंत्रणा नसलेल्या राज्याला ऐनवेळी धावपळ करून आकडे जमवावे लागतात आणि त्या आकड्यांवर कोणाचाच पुरता विश्वास बसत नाही, हा धडा या प्रकरणाने दिला. ज्या राज्यात हजारो पीएच.डी.धारक कामाच्या शोधात आहेत, त्याच राज्यात विश्वासार्ह पाहणी करणाऱ्यांची वाण पडावी, ही स्थिती शासनाने आपल्या हातांनी दुरुस्त करण्याजोगी आहे.

काय करावे

आढाव्याचा निष्कर्ष असा : विद्यापीठाबाहेरील धोरण-संशोधनाचे क्षेत्र खरे आहे, प्रतिष्ठेचे आहे, आणि महाराष्ट्राने त्याला थोर माणसे दिली आहेत, पण ते आज अरुंद, बहुतांशी कंत्राटी आणि मोठ्या शहरांत एकवटलेले आहे. ते रुंद करण्याचे सामर्थ्य तीन पक्षांच्या हाती आहे.

शासनाने कृषी, जलसंपदा, सार्वजनिक आरोग्य, शालेय शिक्षण आणि समाजकल्याण या मोठ्या खात्यांत तरी संशोधकांचा एक लहानसा कायम संवर्ग निर्माण करावा, त्याच्या भरतीत पीएच.डी.ला वयाची सवलत आणि रास्त वेतनश्रेणी द्यावी, आणि त्याने केलेले मूल्यमापन ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करण्याचा नियम करावा. रिझर्व्ह बँकेत जी तजवीज अनेक दशके चालली आहे, ती मंत्रालयात अशक्य मानण्याचे कारण नाही. ज्या संस्था अधिछात्रवृत्ती देतात, त्यांनी शेवटच्या वर्षी सहा महिन्यांची प्रत्यक्ष उमेदवारी, एखाद्या जिल्हा परिषदेत, नियामक आयोगात किंवा स्वयंसेवी संस्थेत, जोडून दिली, तर त्याच पैशातून संशोधकाला अनुभव आणि जिल्ह्याला अभ्यासक मिळेल. विद्यापीठांनी धोरण-टिपणाला प्रबंधाचे अंग म्हणून मान्यता द्यावी, आणि मार्गदर्शकांनी विद्यापीठाबाहेर गेलेल्या विद्यार्थ्याला वाट चुकलेला समजणे सोडून द्यावे.

आणि संशोधक विद्यार्थ्यांनी पदवीची वाट पाहत बसू नये. राष्ट्रीय नमुना पाहणीची मूळ आकडेवारी आज विनामूल्य मिळते. शासन निर्णय, अर्थसंकल्पाची प्रकाशने आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल सर्वांना खुले आहेत. जे खुले नाही ते मिळविण्यासाठी २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. वीजदरांची सुनावणी जाहीर असते आणि तेथे कोणाही नागरिकाला लेखी हरकत देता येते. प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षीच आपल्या विषयातील एक शासन निर्णय घ्यावा, तो आपल्या तालुक्यात कसा राबविला गेला ते पाहावे, आणि त्यावर चार पानांचे टिपण मराठीत लिहून संबंधित खात्याला, स्थानिक आमदाराला आणि एखाद्या वृत्तपत्राला पाठवावे. त्याला उत्तर येईलच असे नाही. पण कोणत्याही संस्थेच्या निवड मंडळापुढे ते टिपण तुमच्या पदवीपत्राइतकेच बोलेल, आणि ते ज्यांच्याविषयी लिहिले त्या माणसांच्या कामी आले, तर पीएच.डी.चा उपयोग काय, या प्रश्नाला त्याहून चोख उत्तर देण्याची गरज उरणार नाही.